खळ्यावरचे रूळ

भाताचं कुसळ मानेत शिरलं की मला आगगाडी आठवते. हे कोणाला सांगितलं तर ते आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या सुनेकडे. म्हातारीची औषधं चालू आहेत ना, असं ते बघणं असतं. चालू आहेत. वेळेवर घेते.

आज सकाळीच शेजारच्या आळीत झोडणीचं यंत्र आलं. आमच्या किन्हवलीत आता खळी कोणी करत नाही. रस्त्याच्या कडेला निळी ताडपत्री अंथरायची, ट्रॅक्टरला जोडलेलं यंत्र उभं करायचं, एका तोंडानं भारे कोंबायचे, दुसऱ्या तोंडानं पेंढा उडतो. माणसांचा आवाज नाही, बैलांचा तर नाहीच नाही. धूळ मात्र जुनीच आहे. ती पडवीत येते, वाळत घातलेल्या साडीत शिरते, पाण्याच्या हंड्यावर पिवळी साय धरते. मी मान खाजवली आणि मला मुरबाडच्या अलीकडचं माझं माहेर दिसलं, आबांचं खळं दिसलं, आणि त्या खळ्यावर गुडघे टेकून, एक डोळा मिटून रुळाची उंची बघणारी एक पंचावन्न वर्षांची बावळट बाई दिसली. ती बाई मीच. दहाएक वर्षं झाली. आता तिची माझी फारशी ओळख राहिलेली नाही, पण तिच्याशी नातं तोडताही येत नाही.

मुरबाडला रेल्वे येणार आहे. हे वाक्य मी जन्मल्यापासून ऐकते. आबांच्या लग्नात येणार होती, माझ्या बारशाला येणार होती, माझ्या लग्नात तर अगदी निघालीच होती म्हणे. अधूनमधून दुर्बीण घेतलेली माणसं यायची, तिकाटणं उभं करून शेतात डोळा लावायची, दगड पुरायची आणि जायची. आबा त्यांना ताक पाजायचे. "सायेब, आमच्या खल्यापासून लांब जाईल का जवलून?" साहेब मिशीचं ताक पुसून म्हणायचे, "जवळून, जवळून." आबांना वाटायचं, ताक गोड लागलं म्हणून साहेबांनी रेघ थोडी इकडे सरकवली.

मी आबांचीच लेक. किन्हवलीचं स्थळ आलं तेव्हा मी मुलाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. तो शहापूर तालुक्यातला होता, आणि शहापूर तालुक्यात रेल्वे होती. आसनगाव, आटगाव, खर्डी, उंबरमाळी, ही नावं मी श्लोकासारखी म्हणायची. मला वाटलं, सासरच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडायचे आणि मान वर केली की समोरून गाडी. लग्नानंतर नवऱ्याशी मी पहिलं वाक्य बोलले ते, "आगगाडी कुठून दिसते?" हे एस.टी.त कंडक्टर. म्हणाले, "आसनगावाहून." आसनगाव गाठायला बस. म्हणजे मुरबाडहून निघून मी रेल्वेच्या तालुक्यात आले आणि पुन्हा बसच्याच थांब्यावर उभी राहिले. रडले होते त्या दिवशी. सासूबाईंना वाटलं, सून फार मायाळू आहे, माहेरची आठवण काढते.

पण मला सांगायचं आहे ते भात घरात येण्याच्या त्या एका हंगामाबद्दल.

दत्तू माझा धाकटा आणि एकुलता भाऊ. मुंबईच्या लोकांचे बंगले सांभाळायचं काम करायचा. कानाला फोन, खिशात किल्ल्यांचा जुडगा, चालला की घंटा बांधलेल्या वासरासारखा वाजायचा. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी त्यानं मला मुरबाडला नेलं, हक्कसोड करायला. आमच्याकडे ही रीतच आहे. बापाच्या जमिनीवरचा हक्क बहिणीनं सोडायचा, म्हणजे माहेर शाबूत राहतं. नाही सोडला तर जमीन शाबूत राहते आणि माहेर जातं. मी नवी साडी नेसून गेले होते सही करायला. तिथे बसलेल्या माणसानं विचारलं, "बाई, समजून सही करताय ना?" मी हसून म्हटलं, "भाऊ आहे हो माझा." त्यानं कागद पुढे सरकवला. अशा साड्या त्यानं खूप बघितल्या असणार.

बाहेर आल्यावर उसाचा रस पिताना मी दत्तूला एवढंच म्हटलं, "दत्तू, सगळं तुझं. फक्त खळं तेवढं राहू दे. मी आले की पाय ठेवायला."

"काय बोलतेस गो ताय. खलं तुजंच. त्याला कोन हात लावनार नाय. आबांची शप्पत."

मग भाऊबीजेला तो डोक्यावर खोका घेऊन आला. एका साहेबांनी बंगला विकला होता, सामान वाटून टाकलं होतं, आणि हा खोका कोणालाच नको होता. "मी म्हनलं, माज्या तायला लहानपनापासून आगगाडीचं येड. ही घे तुजी भाऊबीज." आत इंग्रजी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काळं कुळकुळीत इंजिन होतं, वरवंट्यासारखं जड. मागे जोडायची कोळशाची गाडी, तीन डबे, गार्डाचा एक लाल डबा आणि वीज कमी करायची लोखंडी पेटी. अमेरिकेतली जुनी खेळण्यातली गाडी होती ती. मी इंजिन छातीशी धरलं. खोटं कशाला सांगू, माझी मुलं झाली तेव्हा मी एवढी गहिवरले नव्हते.

"आणि रूळ?"

"रूल नाय. ते सायबांच्या पोरान् कवाच भंगारात घातले. तेवडं तू बग."

त्या "तेवढं तू बघ"मध्ये माझा अख्खा हंगाम गेला. आता वाटतं, मी गुंतून राहावी असंच काहीतरी त्याला हवं होतं, आणि रूळ नसलेल्या गाडीइतकं गुंतवणारं दुसरं काही नाही.

माझ्या मुलानं इंजिनाचे फोटो हौशी लोकांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकले आणि डोंबिवलीच्या एका गृहस्थांचा फोन आला. आवाज हेडमास्तरांचा. "दोन चाकांमधलं अंतर मोजा." मी शिवणाची टेप लावली. इंचाला थोडं कमी भरलं. "म्हणजे एस गेज. खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्शाची. आपल्याकडे लोक याहून लहान गाड्या खेळतात, ज्यांची घरं मोठी ते याहून मोठ्या खेळतात. ही मधली. बाई, माझं ऐका, हे विकून टाका आणि लहान गेज घ्या. त्याचे रूळ सहज मिळतात." मी म्हटलं, "भावानं दिलंय." ते एकदम मऊ झाले. "मग प्रश्नच नाही," म्हणाले. भावानं दिलंय म्हटलं की जगातल्या सगळ्या शहाण्या माणसांचे सल्ले बंद पडतात, हे मी तेव्हापासून लक्षात ठेवलं आहे.

त्यांनी नमुन्याचे तुकडे पाठवले. तीन तऱ्हेचे रूळ. पहिला जुन्या धर्तीचा, पोकळ पत्र्याचा, उंच आणि जाडजूड, सळईच्या खुंटीनं एकमेकांत अडकणारा. दुसऱ्याला खाली प्लॅस्टिकची खडी जोडलेलीच होती, खट्कन बसवायचा आणि खट्कन काढायचा, पण वळण कंपनीनं दिलं असेल तेवढंच. तिसरा लांबलचक आणि लवचिक, हातानं वाकवाल तसा वाकणारा, बारीक पट्ट्यांवर बसवलेला, आणि त्यातही दोन जाती, एक उंच रुळाची, एक ठेंगण्या रुळाची. मी ते सगळे तुकडे चटईवर मांडून बसायची, उचलायची, ठेवायची, उन्हात धरायची.

"रूळ निवडतेस का साडी?" हे विचारायचे.

"तुम्हाला साडीतलं तरी काय कळतं?"

"नाय, पण दुकानदार ओळखीचा असला की तू जास्त फसतेस, एवढं कळतं."

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

निवडला अर्थातच ठेंगणा रूळ. का, तर तो अगदी खऱ्यासारखा दिसायचा, नाजूक, रुपेरी, गंज न धरणारा. डोंबिवलीकरांनी बजावलं होतं, आधी चाक बघा, जुन्या खेळण्यांच्या चाकांना आतून खोल कड असते, तिला उंच रूळ लागतो. पण मी चाक बघितलंच नाही. मी रूळ बघत होते. सगळे रूळ आल्यावर डबा हातानं ढकलून बघितला तर चाकाची कड खालच्या खिळ्यांवर आपटत चालली, टक टक टक टक, जशी काठी टेकत म्हातारी. मी डोळे मिटून ऐकलं. कान सांगत होता की हे चुकलंय, आणि मी कानाला सांगत होते, नवीन आहे, होईल सवय. मुकाट परत पाठवले ते. मग उंच रुळाचे लवचिक मागवले. ते दिसायला थोडे दांडगे, पण गाडी त्यांच्यावरून आवाज न करता सरकली, तुपावरून बोट फिरावं तशी.

विजेची पेटीही मी सरळ भिंतीत खुपसायला निघाले होते. ह्यांनी मनगट धरलं. "अमेरिकेची पेटी हाय ती. त्यांच्या घरातली वीज आपल्या निम्मी. इंजिन भाजून खायचंय का?" मग शहापूरहून मध्ये लावायची दुसरी पेटी आणली. आता मला नव्यानं कोणी विचारलं की मी हेच सांगते: आधी चाक, मग वीज, मग जागा, आणि रूळ सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात. रूळ दिसायला सुंदर असतात ना.

जागेचा प्रश्नच नव्हता. माझं खळं होतं.

त्या वर्षीपासून दत्तूही यंत्रावर झोडायला लागला होता, त्यामुळे खळं रिकामं होतं. पण मला कोरं चालेना. मी बसनं सरळगावावरून माहेरी जायची, कासोटा घालायची आणि आईच्या वेळी करायचे तसं सगळं करायची. गवत खरवडलं, पाणी शिंपलं, चोपण्यानं जमीन चोपली, शेणानं सारवली. मधोमध मेढ उभी होती, मळणीच्या बैलांना फिरवायचा तो खांब, आबांच्या हातचा. तिला दोरी बांधली, दुसरं टोक धरून रांगोळी सोडत चालले आणि एवढं सुबक वर्तुळ उमटलं की माझं मलाच कौतुक वाटलं. मोठं वळण, लांब डबेसुद्धा न घसरता फिरतील असं. आबा बाजेवर बसून बघत होते. त्यांना मोतीबिंदू होता, पण शस्त्रक्रियेला तयार नव्हते. "रेल्वे आली की करू," म्हणायचे.

आणि मग या बाईनं काय केलं, तर सारवण ओलं असतानाच रूळ त्यात दाबून बसवले. म्हटलं, वाळलं की सिमेंटसारखं धरेल. खडी नको, खिळे नकोत. संध्याकाळी दृष्ट लागावी असं दिसत होतं ते, पोपटी शेणात रुपेरी रेघ. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं, सारवण वाळलं, आकसलं, जागोजाग भेगा पडल्या, आणि भेगांबरोबर रुळांचे सांधेही उघडले. एके ठिकाणी रूळ कमानीसारखा वर आला. इंजिन तिथवर जाऊन बसलं ते बसलंच. डोंबिवलीकरांना फोन केला. "कशावर मांडलेत रूळ?" मी सांगितलं. "बाई," ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं या छंदात आहे. लोक लाकडावर मांडतात, फोमवर मांडतात, काही वेडे बागेत मांडतात. शेणात मी पहिल्यांदाच ऐकतोय." पुढे हा किस्सा त्यांनी सगळीकडे सांगितला. सांगोत.

मग झोडणीच्या जुन्या फळ्या घातल्या खाली आणि त्यावर रूळ ठोकले. तेवढ्यावर थांबेन तर मी कसली. मला साधं गोल नको होतं. कल्याणहून गाडी निघावी, मुरबाडला यावी, मेढीला वळसा घालावा आणि आल्या रुळावरून परत कल्याणला जावी, असा नकाशा मी काढला होता. मांडलं, बटण फिरवलं, पेटी गुणगुणली आणि मेली. दोन रुळांच्या गाडीत डाव्या रुळातून वीज येते, उजव्यातून जाते. वळसा घालून तोच रूळ परत आपल्याला येऊन मिळाला की डावा उजव्याला भिडतो, आणि सगळं बंद. त्याला उपाय असतात, पण ते मला तेव्हा जमणारे नव्हते. म्हणजे मुरबाडला आलेल्या गाडीला परत जायची सोयच नाही. आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बरंच हाय की. आली तर राहूं दे हितंच."

शेवटी साधा गोल. मेढीभोवती.

पहिल्यांदा गाडी फिरली तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. आजूबाजूला सगळीकडे झोडणी चालली होती, हवेत कोंडा तरंगत होता आणि उतरत्या उन्हात तो सोन्याच्या भुग्यासारखा दिसत होता. पेंढ्याचा गोड वास, सारवणाचा वास, आणि इंजिनातून येणारा तापलेल्या तेलाचा वास. गाडी बैलांसारखीच फिरत होती, मान खाली घालून, घाई न करता. गावातल्या बाया डोक्यावरचे भारे न उतरवताच उभ्या राहिल्या. एक म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, "बया, ही तर मलनीच करते!" मी आबांच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आली का गो मुरबाडला?"

"आली, आबा."

"माज्या खल्यावर आली," आबा म्हणाले. त्यांचा हात माझ्या डोक्यावर तसाच होता, आणि कोंडा आमच्या दोघांच्या अंगावर पडत होता.

फसवलं गेल्यावर राग कशाचा येतो? मी यावर पुष्कळ विचार केला आहे, भाजी निवडताना, बसची वाट बघताना. गेलं त्याचा राग येतो, पण तो ओसरतो. समोरच्याचा येतो, तोही माणूस थकला की जरा थकतो. न ओसरणारा राग असतो तो आपल्या तेव्हाच्या आनंदाचा. आपण खूश होतो ना, मनापासून, अगदी गळ्यापर्यंत भरून खूश होतो, तेच गिळता येत नाही. ती खळ्यावर बसलेली बाई इतकी सुखात आहे की तिच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शिमग्याच्या आधी मी पुन्हा गेले. थंडीत माझी कंबर धरली होती, त्यामुळे मध्ये जाणं झालं नव्हतं. पिशवीत एक सिग्नल होता, मुलानं करून दिलेला, लाल-हिरवा दिवा लागणारा. पांदीतून वर चढले आणि लांबूनच पांढऱ्या रेघा दिसल्या. खळ्यावरून, आंब्याखालून, पार बांधापलीकडच्या शेतापर्यंत फक्कीच्या सरळ सरळ रेघा. मेढ दिसेना. तर मला काय वाटलं असेल? मला वाटलं, दत्तूनं माझ्यासाठी मोठा मार्ग आखला! गोलाचा कंटाळा आला म्हणाले होते ना मी त्याला फोनवर, म्हणून लांब सरळ रूळ टाकायला जागा करून ठेवली पोरानं. मेढ मध्ये येत होती म्हणून काढली असेल. मी त्या रेघांवरून चालत गेले, अगदी तोल सांभाळत, दोन्ही हात पसरून, लहान मुली चालतात तशी. पंचावन्न वर्षांची बाई, हातात सिग्नल.

पलीकडे खुर्चीवर बसलेला एक अनोळखी माणूस ओरडला, "ओ मावशी, लाइन मोडू नका! प्लॉटची मार्किंग हाय ती."

माझे रूळ गोणत्यात भरलेले मिळाले, गोठ्याच्या मागे. लवचिक होते, म्हणून कोणीतरी दुमडून कोंबले होते. लवचिक म्हणजे दुमडायचे नव्हेत.

दत्तू समोर आला नाही. फोनवर आला. "ताय, रेल्वे आली तर सरकारान् घेतलंच असतं. मंग काय मिलनार व्हतं?" मी म्हटलं, "आणि आबांची शपथ?" त्यानं फोन ठेवला. आबा बाजेवर पडून होते, भिंतीकडे तोंड करून. मी हाक मारली तर म्हणाले, "माजं डोकं दुकतंय गो." पुढच्या पावसात ते गेले. मी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, आजही सांगते, खळं गेलं आणि माझे आबा त्या धक्क्यानं गेले. दत्तूनं मारलं त्यांना.

तरी दर वर्षी मी त्याला ओवाळते. तो येतो, मी ताट करते, टोमणे मारते, तो ते खाली मान घालून खातो, चकलीबरोबर. मी मात्र माहेरी जाते ती फक्त कोणाच्या मयताला.

गेल्या आठवड्यात भाऊबीज झाली. दत्तू आला. केस पांढरे, किल्ल्यांचा जुडगा नाही, गुडघे धरून चढला पायऱ्या. पडवीत माझी गाडी आता फळ्यांच्या टेबलावर मांडलेली असते, उंच रूळ, जोडलेली खडी, खट्कन काढता येणारी जात. कोणी सांगितलं उठा, तर पाच मिनिटांत उठता येतं. मी गाडी चालू केली. तो बघत बसला. मी आत जाऊन ताट आणलं, निरांजन अजून लावायचं होतं.

"ताय," तो म्हणाला, "माज्यावर अजून डूख हाय ना गो तुजा?"

"डूख कसला? ओवाळते की."

"आबा जाऊन इतकी सालं झाली. आता सांगूनच टाकतो. मला ह्यं ओझं नाय झेपत." त्यानं बशीत चहा ओतला, प्यायला नाही. "खलं काढायचं माज्या डोक्यात नव्हतं. आबाच म्हनले, इकून टाक, मी हाय तवर इक, नंतर ती आडवी येईल. सौदा दसऱ्यालाच झाल्ता."

"दसऱ्याला," मी म्हटलं.

"मी म्हनलं, तायला कसं सांगू? तर म्हनले, सांगू नको. तिला आगगाडीचं येड हाय, तो सायबांचा खोका पडलाय तो नेऊन दे. तिला शिमग्यापत्तुर रमू दे."

गाडी फिरत होती. मी तिच्याकडे बघत होते. "आणि खळ्यावर बसायचे ते माझ्याबरोबर? रोज?"

"बसायचे ना. लय खूश असायचे गो. संध्याकाली मला इचारायचे, आज कुटवर आली गाडी? मी सांगायचो. मंग हसायचे. म्हनायचे, पोर रमली."

मला दोन नातवंडं होती तेव्हा.

इतकी वर्षं मी एक माणूस बाजूला काढून ठेवला होता, चांगल्या साडीसारखा, कापूर घालून. दत्तू खोटा, प्लॉटवाले खोटे, दुर्बिणीची माणसं खोटी, पण खळ्यावर माझ्या डोक्यावर हात होता तो खरा. तो हात कशाला ठेवला होता, हे मी आता कोणाला विचारू? रडू आलं नाही. रडायला माणूस समोर लागतो. समोर दत्तू होता, आणि त्याच्या तोंडावर ओझं उतरल्याचं समाधान पसरत चाललं होतं. त्यानं आता कुठे बशी तोंडाला लावली.

मी बटण बंद केलं.

"दत्तू, ऊठ. सरळगावची बस जाईल."

"ताय, अजून ओवालायचं हाय..."

"बस जाईल म्हणते ना."

त्यानं बशी खाली ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठला, चपला घातल्या, अंगणात एकदा थांबला, आणि गेला. मी दारात उभी राहिले नाही.

सून आतून पदराला हात पुसत आली. ताट तसंच होतं, बशीत अर्धा चहा.

"हे काय, मामा जेवायला थांबले नाहीत?"

"नाही."

"का हो?"

"रमले नाहीत," मी म्हटलं.